कार्डाची मागची बाजू

गेल्या शनिवारी बायको आणि मुलगी कुठल्याशा वाढदिवसाला गेल्या होत्या. बाहेर पाऊस, घरात मी आणि धुवायच्या कपड्यांचा ढीग. अशा वेळी शहाणा माणूस ताणून देतो. मी मात्र गाडी काढली आणि अर्ध्या तासावरच्या एका गावात, फायर स्टेशनच्या हॉलमध्ये भरलेल्या बेसबॉल कार्डांच्या बाजारात जाऊन पोचलो.

पिट्सबर्गात राहून मला बारा वर्षं झाली. पहिली चार वर्षं मी बेसबॉलला 'गिल्लीदांडूचा श्रीमंत चुलतभाऊ' म्हणून हिणवलं. मग ऑफिसच्या फुकट तिकिटावर एकदा मॅच बघितली, शेजारच्या आजोबांनी स्कोअर कसा लिहायचा ते शिकवलं आणि संपलंच. आकडे आवडणाऱ्या माणसाला हा खेळ म्हणजे दारूचं दुकान आहे.

तर त्या बाजारात दोन प्रकारची टेबलं होती. एका प्रकारावर काचेच्या पेट्या, आत प्लॅस्टिकच्या जाड कवचात बंद केलेली कार्डं, वर दिव्यांचा झगझगाट. ही सगळी पोरांची कार्डं, म्हणजे नुकत्याच खेळायला लागलेल्या खेळाडूंची. दुसऱ्या प्रकारची टेबलं कोपऱ्यात. त्यांवर बुटांची खोकी, आणि खोक्यांत दाटीवाटीनं उभी केलेली जुनी कार्डं. तिथे मला चौदा डॉलरला रोबेर्तो क्लेमेन्टेचं १९७३ सालचं कार्ड मिळालं. कोपरे झिजून गोल झालेले, मधे एक हलकी सुरकुती. मी विक्रेत्याला विचारलं, "एवढा मोठा खेळाडू, एवढं स्वस्त?" तो खांदे उडवून म्हणाला, "हे शेवटचं आहे ना. लोकांना पहिलं हवं असतं."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून हा वीकेंड-लेख.

आपल्याकडच्या, म्हणजे नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या मंडळींना ट्रम्प कार्ड आठवत असतील. क्रिकेटपटूंचा पत्त्यांसारखा गठ्ठा, प्रत्येकावर फोटो आणि खाली आकडे : सामने, धावा, शतकं, बळी. "टेस्ट धावा!" असं ओरडायचं आणि ज्याचा आकडा मोठा त्यानं समोरच्याचं पान उचलायचं. त्या खेळात गावसकर हातात आला की पोटात गुदगुल्या व्हायच्या. १२५ कसोटी, १०१२२ धावा, ३४ शतकं. कोण हरवणार? आणि कालपरवा संघात आलेला नवा पोरगा हाती लागला की तोंड कडू. गणित साफ होतं. जो जास्त खेळला त्याचं पान भारी.

अमेरिकन बेसबॉल कार्डांच्या बाजारात हे गणित बरोब्बर उलटं आहे. तिथे खेळाडूचं पहिलं कार्ड, ज्याला 'रूकी कार्ड' म्हणतात, ते सोन्याच्या भावानं जातं. तोच खेळाडू वीस वर्षं खेळून, सगळे विक्रम मोडून, गुडघ्याला पट्ट्या बांधून शेवटच्या मोसमात उतरतो, तेव्हाचं कार्ड बुटाच्या खोक्यात. हँक ॲरनचं १९५४ चं पहिलं आणि १९७६ चं शेवटचं कार्ड सारख्याच अवस्थेतलं घ्या. पहिल्याच्या किमतीत शेवटच्याची चळतच्या चळत येईल.

असं का? हे पहिल्यापासून असंच होतं का? मजा म्हणजे, नव्हतं.

या छंदातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड आमच्या पिट्सबर्गच्याच माणसाचं आहे. होनस वॅग्नर. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची रंगीत कार्डं वाटली. वॅग्नरचं कार्ड छापायला घेतलं आणि लवकरच थांबवलं. त्याची दोन कारणं सांगितली जातात. एक म्हणजे, लहान मुलांनी कार्डासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पटलं नाही. दुसरं म्हणजे, त्याला नावाचे पैसे हवे होते. (स्वारी स्वतः तंबाखू खायची, हेही इथे सांगायला हवं.) कारण काहीही असो, जेमतेम पन्नास-साठ कार्डं आज शिल्लक आहेत आणि त्यातलं एक ऑगस्ट २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना विकलं गेलं. पण १९०९ मध्ये वॅग्नर ३५ वर्षांचा होता! १८९७ पासून खेळत होता. रूकी कसला, चांगला मुरलेला गडी.

तीच गोष्ट बेब रूथची. १९३३ मध्ये गाउडी या बबलगम कंपनीनं जो संच काढला त्यात रूथची तब्बल चार कार्डं आहेत, आणि संग्राहक आजही त्यांच्यासाठी जीव टाकतात. त्या वर्षी रूथ ३८ वर्षांचा, पोट सुटलेला, निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. कंपनीनं चार-चार कार्डं का काढली? कारण गम विकत घेणाऱ्या पोराला रूथ हवा होता. ज्याचं नाव झालंय तो हवा होता. उद्या कोणाचं नाव होईल याच्याशी त्या पोराला काय देणंघेणं?

सगळ्यात महाग विकल्या गेलेल्या कार्डांत ज्याचं नाव पहिल्यांदा निघतं ते मिकी मँटलचं टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड. ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर. तेसुद्धा त्याचं पहिलं नव्हे. पहिलं १९५१ चं, बोमन या दुसऱ्या कंपनीचं. १९५२ चा शेवटचा हप्ता दुकानांत उशिरा पोचला, खपला नाही, आणि उरलेला माल टॉप्सच्या साय बर्गरनं १९६० मध्ये बोटीवर लादून चक्क अटलांटिक समुद्रात बुडवला. आज ते ऐकून संग्राहकांच्या काळजाचं पाणी होतं. तेव्हा तो निव्वळ गोदामातला कचरा होता.

मग पहिल्या कार्डाला हा मान आला कधी? माझ्या समजुतीप्रमाणे तो मोठ्या माणसांनी आणला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लहानपणी कार्डं जमवलेली पिढी कमावती झाली आणि आपली हरवलेली खोकी पुन्हा शोधू लागली. १९७९ मध्ये जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाचं नाव असलेली किमतींची मार्गदर्शिका आली आणि १९८४ पासून त्याचं मासिकच निघू लागलं. हजारो कार्डांच्या याद्या, समोर भाव. ज्या वस्तूला छापील भाव आला तिचा शेअर झाला. आणि शेअर बाजाराला भूतकाळ चघळत बसायला आवडत नाही, त्याला पुढचं तिमाही दिसतं. यादीत पहिल्या कार्डासमोर खास खूण येऊ लागली. नव्या खेळाडूचं कार्ड म्हणजे स्वस्तात मिळालेला ऑप्शन. पोरगा चमकला तर दसपट, नाही तर रद्दी.

१९८१ मध्ये टॉप्सची मक्तेदारी मोडून फ्लीअर आणि डॉनरस उतरल्या. १९८९ मध्ये अपर डेक आली, आणि तिनं आपल्या पहिल्या संचातलं पहिल्या क्रमांकाचं कार्ड कोणाला दिलं? केन ग्रिफी ज्युनिअर या १९ वर्षांच्या पोराला, ज्यानं तोवर मोठ्या लीगमध्ये एक चेंडूही खेळला नव्हता. ३८ वर्षांच्या रूथची चार कार्डं ते न खेळलेल्या ग्रिफीचं पहिलं कार्ड, असा हा ५६ वर्षांचा प्रवास.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिलं कार्ड महाग असण्यामागे नुसता सट्टा नाही. १९५४ मध्ये ॲरन कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. पोरांनी ती कार्डं सायकलच्या चाकात खोचली, भिंतीवर मारून खेळली, आणि पोरं कॉलेजला गेल्यावर आयांनी खोकी कचऱ्यात टाकली. त्यामुळे चांगल्या अवस्थेतली कार्डं खरंच थोडी उरली. १९७६ पर्यंत ॲरन दंतकथा झाला होता, लोकांनी त्याचं कार्ड जपून ठेवलं, म्हणून ते आज मुबलक आहे. ज्याची किंमत आधीच कळलेली असते ते कोणी फेकत नाही, आणि म्हणूनच ते स्वस्त राहतं. अर्थशास्त्र म्हणून हे बिनतोड आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हाच धडा उलटा गिरवला गेला. सगळ्यांनीच रूकी कार्डांची बंडलं तिजोरीत ठेवली, कंपन्यांनी छापखाने रात्रंदिवस चालवले, आणि त्या काळातली बहुतेक कार्डं आज किलोवर घ्यावी अशा लायकीची आहेत. तरी धडा कोणी घेतला नाही. असो.

आता ती चौदा डॉलरची खरेदी. घरी आल्यावर मी कार्ड उलटं केलं. तिथे खरी गंमत सुरू झाली.

सिगारेटच्या पाकिटातल्या त्या वॅग्नरच्या कार्डामागे काय छापलंय माहितीये? सिगारेटची जाहिरात. १९३३ च्या कार्डांमागे खेळाडूबद्दल चार ओळी. १९५२ मध्ये टॉप्सनं मागे आकड्यांचा तक्ता टाकला : गेलं वर्ष आणि आजवरची एकूण कामगिरी. पुढच्या काही वर्षांत दर मोसमाची एकेक ओळ छापायची पद्धत आली. आता विचार करा. नव्या पोराच्या कार्डामागे एखादी ओळ असते, मग उरलेली जागा भरायला 'याला मासेमारीची आवड आहे' वगैरे मजकूर आणि व्यंगचित्र. आणि म्हाताऱ्या खेळाडूच्या कार्डामागे? अठरा, वीस, बावीस ओळी. टाइप इतका बारीक की चष्मा शोधावा लागतो. पुढची बाजू सारख्याच आकाराचा फोटो दाखवते. कोण किती खेळलंय हे मागचा टाइप सांगतो.

आणखी एक गोष्ट. ही कार्डं मोसम सुरू होताना बाजारात येतात, म्हणजे त्यांवरचे आकडे आदल्या मोसमापर्यंतचेच असतात. थोडक्यात, बिल्ड रिलीज झाल्यावर डेटा बदलत राहतो. त्यामुळे शेवटच्या कार्डावरचा हिशेब जवळजवळ नेहमीच अपुरा असतो. ॲरनच्या १९७६ च्या कार्डामागे होम रनची बेरीज ७४५ आहे. त्याची खरी अंतिम बेरीज ७५५. शेवटचे दहा होम रन कुठल्याच नेहमीच्या कार्डाच्या तक्त्यात चढले नाहीत, कारण १९७७ मध्ये त्याचं कार्डच नव्हतं. (टॉप्सनं एकदा उलटी चूकही केलीय. १९७४ च्या संचाचं पहिलंच कार्ड 'होम रनचा नवा सम्राट' म्हणून ॲरनचं छापलं, तेव्हा त्याचे होम रन होते ७१३ आणि रूथचे ७१४! सुदैवानं ८ एप्रिल १९७४ ला ॲरननं विक्रम मोडला आणि कंपनीची लाज राखली.)

विली मेजचं १९७३ चं कार्ड घ्या. मागे ६५४ होम रन, खरे ६६०. पुढे फोटोत न्यूयॉर्क मेट्सचा गणवेश, जो बघून आजही जुने लोक हळहळतात. आयुष्य जायंट्ससाठी खेळला, शेवटी १९७२ मध्ये दुसऱ्या संघाकडे पाठवला गेला. ४२ व्या वर्षी वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात तो मैदानात चेंडूमागे धावताना पडला. तेव्हापासून 'वेळेवर थांबावं, नाही तर मेजसारखं होतं' हा अमेरिकेतला वाक्प्रचारच झाला. पण त्याच सामन्यात, बाराव्या डावात, मेट्सला आघाडी देणारी धाव मेजच्याच फटक्यावर आली, हे किती जणांना आठवतं? तो त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा हिट. पडलेला सगळ्यांनी लक्षात ठेवला, मारलेला विसरले.

मग शेवटच्या कार्डावर पूर्ण बेरीज कधी येते? मला दोन गाजलेली उदाहरणं सापडली. एक मिकी मँटलचं १९६९ चं कार्ड. त्यानं मोसम सुरू व्हायच्या आधी, १ मार्च १९६९ ला निवृत्ती जाहीर केली, आणि त्याचं कार्ड तरीही निघालं. म्हणून त्यावर संपूर्ण हिशेब आहे, ५३६ होम रन. सोबत सरासरी .२९८. शेवटचा मोसम वाईट गेल्यामुळे ती .३०० च्या खाली घसरली आणि ते शल्य त्याला जन्मभर राहिलं. छापील कार्डाला असलं काही लपवता येत नाही.

दुसरं माझ्या हातातलं. क्लेमेन्टे पोर्तो रिकोचा. १९५५ पासून अठरा मोसम पिट्सबर्गसाठीच खेळला. पहिल्या कार्डावर त्याचं नाव 'रोबेर्तो' असं नीट छापलेलं आहे, पण साठच्या दशकातल्या कार्डांवर कंपनीनं त्याचं 'बॉब' करून टाकलं. (आपल्यातल्या ज्या ज्या सिद्धार्थचा ऑफिसात 'सिड' झालाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.) त्याला ते आवडत नसे. शेवटच्या कार्डांवर पुन्हा रोबेर्तो आहे. आपलं नाव परत मिळवायलाही सीनिऑरिटी लागते बहुतेक.

३० सप्टेंबर १९७२ ला पिट्सबर्गात त्यानं ३००० वा हिट मारला. क्रिकेटमधल्या दहा हजार कसोटी धावांसारखा हा मान, दीडशे वर्षांत तीन डझनांपेक्षा कमी लोकांनी मिळवलेला. त्या नियमित मोसमात त्यानं पुन्हा हिट मारला नाही. डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपानं उद्ध्वस्त झाली. ३१ डिसेंबर १९७२ च्या रात्री मदतसामान घेऊन निघालेलं त्याचं विमान सान हुआनजवळ समुद्रात कोसळलं. तो ३८ वर्षांचा होता. तीन महिन्यांत नव्या मोसमाची कार्डं दुकानांत आली, त्यात पन्नास क्रमांकाचं त्याचं. तक्त्याची शेवटची बेरीज : हिट्स ३०००. ना एक कमी, ना एक जास्त. या बेरजेत पुढे कधीच काही मिळवावं लागलं नाही.

आज तो गेल्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. आमच्या स्टेडियमकडे जाणाऱ्या पुलाला त्याचं नाव आहे, उजव्या बाजूची भिंत त्याच्या २१ नंबरच्या आठवणीसाठी २१ फूट उंच आहे. आणि कार्ड चौदा डॉलर.

त्याच स्टेडियममध्ये ११ मे २०२४ ला पॉल स्कीन्स हा पोरगा पहिली मॅच खेळला. त्या दिवशी त्याच्या शर्टावर शिवलेला बिल्ला कापून एका कार्डात बसवला, असं जगात एकच कार्ड. ते मिळवायला पायरेट्सनं इतर भेटींबरोबर तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. कार्ड सापडलं लॉस एंजेलिसकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला, घरच्यांनी तिकिटं नाकारली, आणि मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख १० हजार डॉलरना विकलं गेलं. स्कीन्स उत्तम गोलंदाज आहे, वादच नाही. पण गंमत बघा, तीस वर्षांची तिकिटं देऊ केली ती एका पहिल्या दिवसासाठी.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण हे लिहायचं खरं कारण तेच आहे. या वसंतात आमच्या टीममध्ये एक जागा होती आणि मुलाखती घेणाऱ्यांत मी होतो. एक उमेदवार पन्नाशी ओलांडलेला. रेझ्युमे चार पानी, बारीक टाइप, पहिली ओळ १९९१ ची. मी ती चार पानं नीट वाचली नाहीत. खरं सांगायचं तर पहिलं साल वाचलं आणि वजाबाकी केली. मुलाखत चांगली झाली. एका प्रश्नावर त्यानं दिलेलं उत्तर मी नंतर स्वतःच्या कोडमध्ये वापरलं, हेही कबूल करतो. तरी शेरा लिहिला, 'या जागेसाठी जरा जास्तच अनुभवी'. जागा दोन वर्षं अनुभव असलेल्या मुलीला मिळाली. ती हुशार आहे, तिचं काहीच चुकलं नाही. तिच्या शेऱ्यात मी लिहिलं होतं 'भरपूर पोटेन्शियल'. म्हणजे मी रूकी कार्ड विकत घेतलं होतं. आणि मी स्वतः ४६ चा आहे, माझ्याही कार्डामागचा टाइप बारीक व्हायला लागलाय.

मागच्या महिन्यात दुसरी जागा निघाली तेव्हा मी त्या माणसाचं नाव पुन्हा पाठवलं. कळलं की त्यानं दुसरीकडे नोकरी धरलीय. बरं झालं, त्याच्यासाठी.

कोणाला हा छंद लागलाच तर एवढंच सांगतो. शेवटची कार्डं गुंतवणूक म्हणून घेऊ नका, त्यात पैसा नाही. घ्यायचीच तर चार गोष्टी बघा : कोपरे, मध्य साधलाय का, गणवेश कुठला, आणि मागे बेरीज किती. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टींचे बाजार पैसे देतो. तिसरी जुन्या लोकांना रडवते. चौथी फुकट मिळते.

माझा क्लेमेन्टे सध्या मॉनिटरला टेकून उभा आहे, मागची बाजू पुढे करून. काल मुलीनं विचारलं, "बाबा, फोटो तिकडे राहिला ना?" मी म्हटलं, राहू दे. ये, ही शेवटची ओळ वाचून दाखव, मला चष्म्याशिवाय दिसत नाहीये.